टायटॅनियम नायट्राइडचा लेप लेझरनं चढवताना: आकडा लेपाचा हवा, पोलादाचा नको

दर वर्षी प्रोजेक्टच्या मोसमात एक तरी विद्यार्थी आलेख घेऊन येतो आणि पडेल चेहऱ्यानं सांगतो, "सर, कडकपणा नऊच गिगापास्कल आला. टायटॅनियम नायट्राइड तर वीसच्या पुढे असतं ना?" मी दोनच प्रश्न विचारतो. लेप किती जाड आहे? तीनशे नॅनोमीटर. कडकपणा मोजताना सुई किती खोल गेली? अडीचशे. मग हा नऊचा आकडा लेपाचा कुठला? बहुतेक तो खालच्या पोलादाचाच आहे, त्यावर लेपाचा थोडा रंग चढलेला.

पल्स्ड लेझरनं सिरॅमिकचा लेप चढवणं हे दिसायला फार देखणं काम आहे. व्हॅक्यूम चेंबरमध्ये लेझरचे झटके (शॉट्स) लेपाच्या पदार्थाच्या वडीवर (टार्गेटवर) पडतात आणि तिथून उडालेला वाफेचा झोत (प्लूम) समोरच्या चकतीवर बसतो. निळसर-जांभळा प्लूम, टकटक पडणारे शॉट्स, तासाभरानं बाहेर येणारा सोनेरी तुकडा. बिघडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. म्हणून या लेखात लेझर चालू होईपर्यंतचीच पानं जास्त आहेत. उदाहरण एकच धरलं आहे: पोलादाच्या चकतीवर टायटॅनियम नायट्राइड. लेझर ३५५ नॅनोमीटरचा एनडी-याग असो की २४८ नॅनोमीटरचा एक्सायमर, क्रम तोच राहतो.

## टप्पा १: हिशोब शेवटाकडून सुरू करा

लेप किती जाड चढवायचा हे सोयीनं ठरवायचं नसतं. तो शेवटी कसा मोजणार आहात, त्यावरून ठरतं.

नॅनोइंडेंटेशनमध्ये, म्हणजे सुई नॅनोमीटरांच्या खोलीपर्यंत खुपसून कडकपणा मोजण्यात, दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं ओढतात. सुई लेपाच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा खोल जाऊ नये, नाहीतर खालचं पोलाद बोलायला लागतं. आणि ती पृष्ठभागाच्या सरासरी खडबडीच्या, म्हणजे आरए आकड्याच्या, निदान वीसपट खोल जावी, नाहीतर तुम्ही डोंगर-दऱ्याच मोजत बसता. आता मांडून पाहा. लेप १ मायक्रॉनचा असेल तर खोली १०० नॅनोमीटर, म्हणजे आरए ५ नॅनोमीटरच्या आत हवा. नीट पॉलिश केलं तर हे जमतं. लेप ३०० नॅनोमीटरचा असेल तर खोली ३० आणि आरए दीड नॅनोमीटर. पोलादावर, तेही लेझरचे थेंब पडलेल्या लेपावर, हे विसरा. शिवाय इतक्या कमी खोलीत सुईचं झिजलेलं, गोलसर टोकच टेकतं, तिचा पिरॅमिड लागतच नाही.

तेव्हा १ मायक्रॉन धरा. एका शॉटला सुमारे ०.०२ नॅनोमीटर लेप चढत असेल तर ५०,००० शॉट्स लागतील. १० हर्ट्झला ते ८३ मिनिटं होतात. तुमच्या चेंबरचा दर वेगळा असणार, म्हणून आधी सिलिकॉनच्या तुकड्यावर ५,००० शॉट्सचा चाचणी लेप चढवून त्याच्या कडेच्या पायरीची उंची मोजा. मित्राच्या थिसिसमधला दर उचलू नका. त्याचं अंतर, त्याची लेन्स, त्याचा स्पॉट, सगळं वेगळं असतं.

## टप्पा २: खालचं पोलाद निवडा

३०४ स्टेनलेस स्वस्त आहे, गंजत नाही, कुठल्याही दुकानात मिळतं. तरीही घेऊ नका. ते इतकं मऊ आहे की वर कितीही कडक लेप दिला तरी भार पडल्यावर खालचं दबतं आणि वरचा थर तडकतो. चिखलावर शहाबादी फरशी टाकण्यातली गत.

राहतात दोन सोयीचे पर्याय: बेअरिंगचं ईएन-३१ आणि हायस्पीड स्टील एम-२. यात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. ईएन-३१ च्या आठ चकत्या कडक करून आणल्या होत्या, कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ६१. चेंबरमध्ये हीटर ४५० अंशांवर लावून दोन तास लेप दिला. लेप सुंदर आला. वेअर टेस्टला, म्हणजे झिजेच्या चाचणीला, मात्र पहिल्याच मिनिटात फाटला. दोन दिवस मी लेपाला शिव्या घातल्या. मग कोणीतरी म्हणालं, चकतीची मागची बाजू तपास. मागून कडकपणा ४९ आला! ईएन-३१ चं टेम्परिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) १५०-२०० अंशांवर झालेलं असतं, त्याच्या वर तापवलं की ते मऊ पडतं. लेप चढवता चढवता मी पोलादच उकडून ठेवलं होतं.

एम-२ चं टेम्परिंग ५५० अंशांच्या आसपास होतं, त्यामुळे ४०० अंशांवर ते आरामात तग धरतं. ईएन-३१ च वापरायचं असेल तर तापमान १५० च्या आत ठेवा. प्लूममधले कण मुळातच जोरात येऊन आदळतात, त्यामुळे कमी तापमानातही दाट लेप मिळू शकतो.

तपासून पाहा: लेपाआधी आणि लेपानंतर चकतीच्या मागच्या बाजूचा रॉकवेल आकडा घ्या. दोन्ही वहीत लिहा.

## टप्पा ३: घासणं आणि धुणं

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून सगळे इथे घाई करतात.

२२० नंबरच्या पेपरपासून सुरू करा. मग ४००, ६००, ८००, १२००, त्यानंतर कापडावर डायमंड पेस्ट: ६ मायक्रॉन, ३, आणि १. पेपर बदलला की चकती ९० अंशांत फिरवा आणि आधीच्या पेपरचे आडवे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासा. ते गेल्यावर आणखी तेवढाच वेळ घासा, कारण ओरखडा दिसेनासा झाला तरी त्याच्याखालचा चुरडलेला थर तसाच असतो. पेस्ट बदलताना हात, चकती आणि होल्डर धुवा. ६ मायक्रॉनचा एक कण १ मायक्रॉनच्या कापडावर गेला की ते कापड वाया गेलं समजा.

पॉलिश झालेलं ईएन-३१ पाण्यात ठेवून चहाला जाऊ नका. परत येईपर्यंत तांबूस ठिपके आलेले असतात. अल्कोहोलनं धुवून लगेच वाळवा.

नंतर अल्ट्रासोनिक बाथमध्ये दहा मिनिटं अ‍ॅसिटोन, दहा मिनिटं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग कोरड्या नायट्रोजनचा फवारा. अ‍ॅसिटोन चकतीवरच वाळू देऊ नका. ते उडून जातं आणि त्यात विरघळलेला तेलकटपणा मागे ठेवतं. चकती ओलीच अल्कोहोलमध्ये टाका.

तपासून पाहा: चकती ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. नळीचं प्रतिबिंब सरळ, कडा धारदार दिसायला हवी. इंद्रधनुषी पट्टा दिसला तर पुन्हा धुवा.

सावधान: यानंतर उघड्या बोटानं स्पर्श नाही. लेप जिथे पापुद्र्यासारखा सुटतो तिथे पुष्कळदा अंगठ्याचा ठसा वाचता येतो.

चकती हीटरवर सिल्व्हर पेस्टनं चिकटवत असाल तर पेस्ट आधी गरम करून पूर्ण वाळवा. ओली पेस्ट व्हॅक्यूममध्ये फसफसते आणि चकती एका कडेनं उचलली जाते. शेजारी सिलिकॉनचा एक तुकडा लावा आणि त्याच्या कोपऱ्यावर दुसरा तुकडा दाबून ठेवा. जाडी मोजायची पायरी तिथेच मिळते.

## टप्पा ४: टार्गेट, काच आणि स्पॉट

लेझर लेपाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे थेंब. टार्गेटचा पृष्ठभाग वितळतो, उसळतो आणि मायक्रॉन-अर्ध्या मायक्रॉनचे गोळे उडून लेपावर बसतात. मायक्रोस्कोपखाली भाकरीवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. पुढे वेअर टेस्टमध्ये हेच गोळे सुटतात आणि लेपावर घासणाऱ्या बॉलखाली वाळूसारखे फिरतात. लेप झिजायच्या आधी ओरबाडला जातो.

थेंब शून्य होत नाहीत, कमी होतात. त्यासाठी टार्गेट दाट हवं, निदान ९५ टक्के घनतेचं, सच्छिद्र खडू नको. शुद्ध टायटॅनियम धातूचं टार्गेट नायट्रोजनमध्ये उडवता येतं, पण वितळलेला धातू जास्त शिंतोडतो. मी सिंटर केलेलं (पूड दाबून भाजलेलं) नायट्राइडच वापरतो. प्रत्येक रनच्या आधी टार्गेट ८०० नंबरच्या पेपरवर घासून घ्या. हजारो शॉट्सनंतर त्यावर बारीक सुळके उभे राहतात, प्लूम लेझरच्या दिशेला कलतो आणि लेपाचा जाड भाग चकतीवरून सरकून भलतीकडेच जातो. टार्गेट फिरतं ठेवा, आणि शक्य असेल तर बीमही त्यावर इकडेतिकडे सरकवत ठेवा, नाहीतर एकच खाच पडते.

आता फ्लुएन्स, म्हणजे टार्गेटच्या दर चौरस सेंटिमीटरवर एका शॉटला पडणारी ऊर्जा. इथली चूक घरोघरी आहे. लेझरच्या तोंडाशी मीटर लावतात, १०० मिलिजूल लिहून घेतात आणि मोकळे होतात. लेन्स आणि काच पार करून टार्गेटपाशी पोचतात समजा ८५. थर्मल पेपरवर दोन-चार शॉट मारून जळका डाग मोजा. तो १ बाय २ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.०२ चौरस सेंटिमीटर आणि फ्लुएन्स ४.२५ जूल प्रति चौरस सेंटिमीटर. डाग टार्गेटच्याच जागी आणि त्याच ४५ अंशांच्या तिरपेपणानं घ्या. पेपर सरळ धरला तर डाग लहान येतो आणि फ्लुएन्स फुगतो. थेंब फार येत असतील तर फ्लुएन्स थोडा उतरवा. उडण्याच्या उंबरठ्याच्या जरा वर राहिलं की पुरतं.

सावधान: लेझर आत शिरतो ती काच आतून हळूहळू लेप खात असते. तिनं वीस टक्के प्रकाश अडवला की तुमचे ४.२५ जूल ३.४ होतात आणि मीटर काहीच सांगत नाही, कारण तो बाहेर आहे. दर रननंतर काच काढून आरपार ऊर्जा मोजा आणि साफ करा. "मागच्या महिन्यात याच सेटिंगवर जाड लेप येत होता" ही तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते.

गॉगल तुमच्या लेझरच्या तरंगलांबीचाच हवा. ५३२ चा लाल गॉगल ३५५ ला चालेलच असं नाही, काचेवर छापलेलं वाचा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. चकचकीत वस्तूवरून परतलेला बीम मूळ बीमइतकाच वाईट असतो.

## टप्पा ५: व्हॅक्यूम आणि नायट्रोजन

टायटॅनियम ऑक्सिजनसाठी हपापलेलं असतं. १ मिलिबारच्या दहालाखाव्या भागावरही उरलेला वायू साधारण सेकंदाला अणूंचा एक थर आणून टाकतो. तुमचा लेपही १० हर्ट्झला सेकंदाला जेमतेम तेवढाच चढतोय. म्हणजे घाण आणि लेप बरोबरीनं धावतायत. त्यामुळे दहालाखावा भाग ही कमीत कमी पायरी आहे. रात्रभर पंप चालू ठेवून त्याच्या खाली जा.

हीटर लावला की भिंती आणि होल्डर वायू सोडतात आणि प्रेशर वर चढतं. ते पुन्हा खाली येईपर्यंत थांबा. थंड चेंबरचा आकडा वहीत लिहून गरम चेंबरमध्ये लेप देऊ नका.

नायट्रोजन सोडताना सिलिंडरवरचं शुद्धतेचं लेबल वाचा. ९९.९ टक्केवाला सिलिंडर घेतलात आणि चेंबरमध्ये एक शतांश मिलिबार ठेवलात, तर त्यातला हजारावा भाग भेसळीचा. तो होतो मिलिबारचा एक लक्षांश. रात्रभर पंप चालवून मिळवलेलं व्हॅक्यूम तुम्ही एका नळीनं दहापट बिघडवलं! ९९.९९९ चाच सिलिंडर घ्या, आणि नळी स्टीलची. नायट्रोजन जास्त झाला की प्लूम वाटेतच दमतो आणि लेप भुसभुशीत येतो. माझ्या ५ सेंटिमीटर अंतराला शतांश मिलिबारच्या वर जायची गरज पडत नाही.

सावधान: वीज जाण्याची सोय आधीच करा. रन चालू असताना लाइट गेली आणि रोटरी पंपाकडे जाणारा बॅकिंग व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर रोटरी पंपाचं तेल वाफेच्या रूपानं मागे येतं. ते चेंबर साफ करण्यात आठवडा जातो.

## टप्पा ६: शॉट्स

१. शटर (चकतीपुढचा पडदा) बंद ठेवून टार्गेटवर ३ मिनिटं शॉट्स मारा. वरचा ऑक्साइडचा थर शटरवर जाऊ दे, चकतीवर नको.

२. दुसरं टार्गेट लावायची सोय असेल तर आधी नायट्रोजनशिवाय ५० नॅनोमीटर शुद्ध टायटॅनियम द्या. लेप पोलादाला धरून ठेवायचं काम तो करतो.

३. नायट्रोजन सोडा, प्रेशर स्थिर होऊ द्या, मग शटर उघडा.

४. चकती फिरती ठेवा, आणि प्लूमच्या बरोबर मधोमध नको, थोडी बाजूला. प्लूम पुढच्या दिशेला टोकदार असतो. स्थिर चकतीवर सारखी जाडी जेमतेम सेंटिमीटरभर मिळते.

५. दर १० मिनिटांनी प्लूमकडे गॉगलमधून पाहा. तो कलला किंवा आखूड झाला तर थांबा.

शेवटी हीटर हळूहळू उतरवा. चकती ६० अंशांच्या खाली आल्यावरच चेंबर उघडा, तोही कोरडा नायट्रोजन सोडून. घाईनं उघडलेल्या चेंबरमधला लेप डोळ्यांदेखत तडतडताना मी पाहिला आहे. आवाजही येतो.

## टप्पा ७: मोजण्याआधी पाहा

रंग बरंच सांगतो. पिवळं सोनं दिसलं तर ठीक. चंदेरी फिकट असेल तर नायट्रोजन कमी पडला. तपकिरी, जांभळट असेल तर बहुधा ऑक्सिजन शिरला, मग टप्पा ५ कडे परत जा. असला लेप नॅनोइंडेंटेशनला पाठवून तासाचे पैसे भरू नका.

सिलिकॉनवरच्या पायरीवरून प्रोफाइलोमीटरनं (पृष्ठभागाचा चढउतार मोजणाऱ्या यंत्रानं) जाडी मोजा. मग लेप चिकटला आहे का याची गरिबाची चाचणी: कुठल्याही हीट ट्रीटमेंटच्या दुकानात असतो तो रॉकवेल सी, १५० किलोचा भार. ठसा उमटवून त्याची कडा १०० पट मायक्रोस्कोपखाली पाहा. कडेनं बारीक किरणांसारख्या चिरा चालतात. कडेभोवती लेपाचे पापुद्रे निघून पोलाद उघडं पडलं असेल तर पुढे काहीही मोजू नका. व्हीडीआय ३१९८ या जर्मन नियमावलीत याच ठशांचे एचएफ-१ ते एचएफ-६ असे वर्ग आहेत. चारपर्यंत पास, पाच-सहा नापास.

स्क्रॅच टेस्ट (वाढत्या भारानं ओरखडा काढून लेप कधी सुटतो ते पाहणं) करणार असाल तर आवाजाच्या सेन्सरवर विसंबू नका. तो पोलादातल्या खटक्यालाही लेपाची चीर समजतो. ओरखडा डोळ्यांनी पाहूनच भार लिहा.

## टप्पा ८: कडकपणा

मायक्रो-विकर्स (हिऱ्याच्या टोकाचा बारीक ठसा मोजून कडकपणा सांगणारं यंत्र) हाताशी असतो म्हणून बरेच जण ५० ग्रॅम भारानं ठसे मारतात. हिशोब करू. २००० विकर्सच्या पदार्थावर ५० ग्रॅमच्या ठशाचा कर्ण ६.८ मायक्रॉन येतो आणि खोली कर्णाच्या सातव्या भागाइतकी, म्हणजे जवळपास १ मायक्रॉन. तुमचा लेपच १ मायक्रॉनचा! सुई लेपाच्या तळाला टेकली. खाली ७०० विकर्सचं पोलाद आहे, म्हणजे प्रत्यक्षात ती त्याहूनही खोल जाते. हा आकडा "लेप आणि पोलाद मिळून" म्हणूनच द्या, नाहीतर देऊच नका.

नॅनोइंडेंटेशनच्या तीन बाजूंच्या बर्कोविच सुईनं मोजताना पहिलं काम फ्यूज्ड सिलिकावर. तिथे कडकपणा ९ ते ९.५ आणि मॉड्युलस (ताठपणाचं माप) ७२ गिगापास्कल येत नसेल तर सुईच्या टोकाचं कॅलिब्रेशन बिघडलं आहे. मग १०० नॅनोमीटरच्या आत निदान २० ठसे, एकमेकांपासून १० मायक्रॉनवर, थेंब टाळून. थेंबावर पडलेला ठसा वक्रातच ओळखू येतो: सुरुवातीला सुई भसकन खाली जाते. असे ठसे वगळा, पण किती वगळले ते लिहा.

## टप्पा ९: पिन-ऑन-डिस्क

ही झिजेची चाचणी: फिरत्या चकतीवर बॉल दाबून धरायचा. समजा ६ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनाचा बॉल घेतला आणि ५ न्यूटन भार दिला. हर्ट्झच्या स्पर्शदाबाच्या सूत्रानं पोलादावर सर्वाधिक दाब सुमारे १.३ गिगापास्कल येतो, आणि सर्वांत जास्त कातरण पृष्ठभागाखाली २० मायक्रॉनवर असतं. लेप १ मायक्रॉनचा. खरा भार कोण उचलतंय? पोलादच. ईएन-३१ मऊ पडल्यावर माझा लेप का फाटला, ते इथे कळतं. म्हणून सुरुवात १-२ न्यूटननं करा.

ट्रॅकची त्रिज्या ३ मिलिमीटर, भार २ न्यूटन, वेग सेकंदाला ०.१ मीटर, अंतर १०० मीटर: सतरा मिनिटांत टेस्ट संपते. तापमान आणि हवेतली आर्द्रता दर वेळी लिहा. मे महिन्यातली पुण्यातली दुपार आणि जुलैतली मुंबई यांत घर्षणाचा आकडा हमखास बदलतो. दोन लेपांची तुलना करायची तर दोन्ही टेस्ट एकाच दिवशी घ्या.

झीज वजनावर मोजायला जाऊ नका. ट्रॅक १०० मायक्रॉन रुंद आणि ०.३ मायक्रॉन खोल असेल तर छेद सुमारे २० चौरस मायक्रॉनचा. १८.८५ मिलिमीटर परिघानं गुणलं की ०.०००३८ घन मिलिमीटर, म्हणजे अवघे २ मायक्रोग्रॅम. लॅबचा काटा ०.१ मिलिग्रॅमचा, त्याला हे दिसणारही नाही. प्रोफाइलोमीटरनं ट्रॅक चार ठिकाणी, ९० अंशांवर मोजा, सरासरी छेद काढा, घनफळ काढून भार आणि अंतराच्या गुणाकारानं भागा. इथे उत्तर येतं ०.०००००१९ घन मिलिमीटर प्रति न्यूटन-मीटर.

तपासून पाहा: ट्रॅकची खोली लेपाच्या जाडीपेक्षा कमी आहे ना? ती सव्वा मायक्रॉन आली तर लेप केव्हाच संपला आणि पुढचे मीटर पोलाद झिजत होतं. अंतर कमी करून नव्या ट्रॅकवर पुन्हा करा.

बॉल पोलादाचा असेल तर आणखी एक फसवणूक होते. ट्रॅकवर काळपट पट्टा दिसतो, झीज म्हणून लिहिला जातो, आणि प्रोफाइलवर तो खड्ड्याऐवजी उंचवटा निघतो. बॉलच झिजून लेपावर लिंपला गेलेला असतो. म्हणून टेस्ट संपल्यावर बॉल कचऱ्यात टाकू नका. त्याच्यावरचा सपाट डाग मायक्रोस्कोपखाली मोजा, फोटो काढा, आणि ट्रॅकचा नंबर लिहिलेल्या छोट्या पुडीत चकतीसोबतच ठेवून द्या.